खापर बाटच्या डोक्यावर

डिसेंबर 2025 मध्ये एका डॉलरला 90 रुपये मोजावे लागले तेव्हा आपल्याकडच्या अर्थचर्चांमध्ये दिलाशाचा एक सूर निघाला. रुपया पडला म्हणून रडू नका, थायलंडकडे बघा, असा तो सूर. तिथला बाट वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला 34 च्या वर होता, वर्षअखेरीस साडेएकतीसच्या आसपास आला. म्हणजे आठ-नऊ टक्क्यांनी महागला. आणि झालं काय? 2024 मध्ये साडेतीन कोटींवर गेलेले परदेशी पर्यटक 3 कोटी 30 लाखांच्या घरात उतरले, विकासदर दोन-अडीच टक्क्यांवर रखडला, तांदळाचे निर्यातदार आणि हॉटेलवाले सरकारच्या नावाने बोटं मोडू लागले. मजबूत चलनाचा हा असा मार असतो, तेव्हा घसरता रुपया हे दुखणं नसून वरदानच समजा! खुद्द बँकॉकमध्ये हाच युक्तिवाद मागणीच्या रूपात फिरतो: बाट स्वस्त करा, पाहुणे आपोआप परततील.

यातले आकडे खरे आहेत. त्यांची घातलेली सांगड खोटी आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याचं वजन काढायला निघालेली ही मंडळी आहेत.

माल महागला की गिऱ्हाईक घटतं, हे कुणालाही पटणारं आहे आणि म्हणूनच या युक्तिवादाला कुणी फारसं हटकत नाही. थायलंड हे त्यासाठी आदर्श उदाहरणही वाटतं. कोविडपूर्वी परदेशी पाहुण्यांचा खर्चच त्या देशाच्या जीडीपीच्या अकरा-बारा टक्के होता. देशी पर्यटन धरलं तर हिस्सा पाचव्या भागाच्या आसपास जातो. अशा देशात चलन महागलं की सगळंच कोसळणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पर्यटक ‘परदेशी’ नावाच्या एकाच गावाहून येत नाहीत. चिनी माणूस युआन घेऊन येतो, आपण रुपये घेऊन जातो, मलेशियाचा माणूस रिंगिट घेऊन सीमा ओलांडतो. बाट डॉलरच्या तुलनेत किती चढला याच्याशी यांतल्या कुणालाच थेट कर्तव्य नसतं. आपल्या खिशातल्या नोटेला तिथे किती बाट मिळतात, एवढंच त्यांना कळतं. म्हणून हिशेब तिथूनच करायला हवा.

आधी चीनचा करू. 2025 च्या सुरुवातीला एका युआनला साधारण 4.7 बाट मिळत होते, वर्षअखेरीस साधारण साडेचार. युआनही डॉलरच्या तुलनेत चढलाच होता, त्यामुळे चिनी पर्यटकाला थायलंड महागलं ते जेमतेम पाच टक्क्यांनी. एवढ्या फरकासाठी कुणी सहल रद्द करत नाही; फार तर एक मसाज कमी घेतो. तरीही चिनी पर्यटकांची संख्या 67 लाखांवरून 45 लाखांच्या आसपास आली. तिघांमधला एक आलाच नाही.

आता आपला करू. जानेवारीत एक बाट अडीच रुपयांना पडत होता, डिसेंबरात 2 रुपये 85 पैशांच्या आसपास. मुंबईच्या ज्या कुटुंबाने तिथे 50 हजार बाट खर्च करायचे ठरवले असतील त्याला वर्षाच्या सुरुवातीला सव्वा लाख रुपये लागले असते, शेवटी 1 लाख 42 हजारांच्या वर. म्हणजे चिनी माणसाच्या जवळपास तिप्पट महागाई भारतीयाच्या वाट्याला आली. युक्तिवादाप्रमाणे भारतीयांनी थायलंडकडे पाठ फिरवायला हवी होती. घडलं ते असं की 2024 मध्ये 21 लाखांवर गेलेले भारतीय 2025 मध्ये 25 लाखांच्या जवळ पोहोचले आणि हा आजवरचा उच्चांक ठरला. ज्याला कमी महाग पडलं तो आला नाही, ज्याला जास्त महाग पडलं तो रांगा लावून आला. बाटला दोष देणाऱ्यांनी या एका जोडीचं उत्तर आधी द्यावं, बाकीचं मग बोलू.

चिनी का आले नाहीत, हे बँकॉकच्या टॅक्सीवाल्यालाही ठाऊक आहे. जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात वांग शिंग नावाचा एक चिनी अभिनेता चित्रपटातल्या कामाच्या आमिषाने थायलंडला आला आणि माए सोत या सीमेवरच्या गावाजवळून गायब झाला. काही दिवसांनी तो म्यानमारच्या म्यावाडी भागातून सापडला, डोकं भादरलेलं. ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे चालवणाऱ्या टोळ्यांनी त्याला पळवलं होतं. चीनच्या समाजमाध्यमांवर ही गोष्ट वणव्यासारखी पसरली आणि ऐन चांद्र नववर्षाच्या सुट्टीच्या तोंडावर लोकांनी आरक्षणं रद्द करायला सुरुवात केली. तेव्हा बाट 34 च्या आसपासच होता. महागायचा होता अजून. थायलंडने 5 फेब्रुवारीला सीमेपलीकडच्या पाच ठिकाणांची वीज तोडली. ही बातमी वाचून चिनी पर्यटकाला धीर येण्याऐवजी वेगळाच प्रश्न पडला असेल तर नवल नाही: आतापर्यंत त्या वसाहतींना वीज विकत कोण होतं? पुढे 28 मार्चला म्यानमारमधल्या भूकंपाने बँकॉकमधली लेखापरीक्षण कार्यालयाची निर्माणाधीन बहुमजली इमारत जमीनदोस्त झाली. जुलैमध्ये कंबोडियाच्या सीमेवर तोफा धडाडल्या, डिसेंबरात पुन्हा. या यादीत विनिमय दर कुठे बसवायचा?

इथे एक हमखास प्रत्युत्तर येतं की चिनी माणसाच्या खिशातच पैसा नाही, तिथला घरबांधणीचा बाजार बसलाय, म्हणून तो स्वस्त देश शोधतो. पैशाची चणचण खरी आहे. पण त्याच 2025 मध्ये व्हिएतनामला गेलेले चिनी पर्यटक 37 लाखांवरून 50 लाखांच्या पुढे गेले. व्हिएतनामचा डाँग स्वस्त झाला म्हणून, असं कुणी म्हणेल. मग मलेशियाचं काय करायचं? तिथला रिंगिट 2025 मध्ये डॉलरच्या तुलनेत बाटइतकाच, किंबहुना किंचित जास्त चढला. तरी मलेशियातले परदेशी पाहुणे वाढले, चिनीही वाढले. मलेशियाने व्हिसाची अट काढली होती आणि क्वालालंपूरहून कुणी अभिनेता पळवला नव्हता.

हे एका वर्षापुरतं आहे असंही नाही. एप्रिल 2013 मध्ये बाट डॉलरला 29 च्याही खाली गेला, 1997 नंतरची सर्वांत मजबूत पातळी. त्या वर्षी थायलंडला आलेले परदेशी 2 कोटी 24 लाखांवरून 2 कोटी 65 लाखांवर गेले. त्यातला मोठा वाटा चिन्यांचा होता, आणि त्यांना ओढून आणलं होतं एका विनोदी चित्रपटाने. ‘लॉस्ट इन थायलंड’ डिसेंबर 2012 मध्ये चीनमध्ये प्रदर्शित झाला आणि तिथल्या मध्यमवर्गाला चियांग माईचं वेड लागलं. पुढच्या वर्षी बाट उतरला, सरासरी साडेबत्तीसपर्यंत. पर्यटक वाढले का? घटले, 2 कोटी 48 लाखांवर आले, कारण मे 2014 मध्ये लष्कराने सत्ता घेतली होती आणि बँकॉकचे रस्ते त्याआधी कित्येक महिने आंदोलनांनी अडलेले होते. 2016 ते 2019 या काळात तर बाट जवळजवळ सलग महागत गेला, 35 वरून 31 वर, आणि पर्यटक सव्वातीन कोटींवरून चार कोटींच्या उंबरठ्यावर पोहोचले. मधल्या 2018 च्या जुलैत फुकेतजवळ पर्यटकांची बोट उलटून 47 चिनी बुडाले, तेव्हा काही महिने चिन्यांची संख्या आपटली. तेव्हाही दर नव्हे, भीतीच कारण होती.

अर्थशास्त्र शिकलेला वाचक इथे हात वर करील. पर्यटक डॉलर आणतात म्हणून बाट चढतो, तेव्हा ‘पर्यटक वाढले आणि बाटही वाढला’ यातून काही सिद्ध होत नाही. हरकत रास्त आहे आणि मला सोयीची आहे. पर्यटनामुळे बाट चढतो हे मान्य केलं, तर बाट चढला की पर्यटन मरतं हा नियम आधीच लंगडा होतो. शिवाय 2025 मध्ये पर्यटक घटले तरी बाट चढलाच. मग त्या वर्षी त्याला वर कोणी नेलं? त्याकडे मी येणारच आहे, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

त्याआधी जपान. येन स्वस्त झाला आणि जपान पर्यटकांनी भरून गेला, हे या मंडळींचं हुकमी पान आहे. 2024 मध्ये 3 कोटी 68 लाख, 2025 मध्ये चार कोटींच्या पुढे. येनचा हातभार नाकारण्यात अर्थ नाही. पण जपानची खरी चढण त्याआधीची आहे. 2015 मध्ये डॉलरला 121 येन मिळत होते, 2019 मध्ये 109. म्हणजे येन महागला. त्याच चार वर्षांत पाहुणे 1 कोटी 97 लाखांवरून 3 कोटी 19 लाखांवर गेले. आशियाई देशांसाठी व्हिसा सैल केले, स्वस्त विमान कंपन्यांना जागा दिली, छोट्या शहरांत उतरण्याची सोय केली, याचं ते फळ होतं. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तैवानवरून झालेल्या शाब्दिक चकमकीनंतर चीनने आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका असं सांगितलं, तेव्हा येन तितकाच स्वस्त होता. चिनी तरीही ओसरले.

दूर कशाला, आपल्या दारातलं गोवा घ्या. 2019 मध्ये डॉलरला 70 च्या आसपास असलेला रुपया 2024 मध्ये 84 च्या आसपास होता. चलनापुरतं बोलायचं तर परदेशी पाहुण्याला गोवा सहाव्या हिश्शाने स्वस्त झालं. 2019 मध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास असलेले परदेशी पर्यटक 2024 मध्ये पाच लाखांच्याही आत होते. स्वस्त चलनाने पाहुणे येतात हे खरं असतं तर कळंगुटच्या वाळूवर पाय ठेवायला जागा उरली नसती. रशिया आणि ब्रिटनहून येणारी चार्टर विमानं आटली, ब्रिटिशांचा ई-व्हिसा कोविडनंतरही बराच काळ बंद होता, विमानतळावरून हॉटेलपर्यंतच्या टॅक्सीचा वाद आजही मिटलेला नाही, आणि देशी गर्दीमुळे खोल्यांचे दर असे काही चढले की चलनातली सूट त्यात विरघळून गेली. गोव्यातला हॉटेलवाला यांतलं प्रत्येक कारण बोटावर मोजून सांगेल. रुपयाचं नाव तो घेणार नाही.

मग थायलंडची मंदी आहे कशाची?

मोटारींपासून सुरुवात करू, कारण तिथे बाटचा संबंधच जोडता येत नाही. 2019 मध्ये थायलंडच्या देशांतर्गत बाजारात दहा लाखांवर वाहनं विकली गेली होती. 2024 मध्ये पावणेसहा लाखही नाहीत. ही वाहनं थाई माणसाने, थायलंडमध्ये, बाट मोजून विकत घ्यायची होती. बाट मजबूत झाला तर आयात सुटे भाग उलट स्वस्तच पडतात. गिऱ्हाईक आलं नाही कारण त्याला कर्ज मिळालं नाही. थाई कुटुंबांवरचं कर्ज गेली कित्येक वर्षं जीडीपीच्या 90 टक्क्यांच्या आसपास आहे, आशियातल्या सर्वांत जड बोज्यांपैकी एक. पिकअप घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याचे, छोट्या कंत्राटदाराचे अर्ज बँका परत पाठवू लागल्या. आशियाचं डेट्रॉइट म्हणून मिरवणाऱ्या या देशातून सुबारूने उत्पादन गुंडाळलं, सुझुकीने रायोंगमधला कारखाना बंद करायचं जाहीर केलं. जे उरले त्यांच्यापुढे चिनी विजेच्या गाड्या आहेत.

त्याच्या मागे आणखी जुनं दुखणं आहे. 1997 च्या आधीच्या वर्षांत थायलंड जीडीपीच्या 40 टक्क्यांच्या आसपास रक्कम गुंतवत होता. त्यातली पुष्कळ उधळपट्टी होती, बँकॉकच्या आकाशात अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतींनी ती जगाला दाखवली. पण त्या वर्षीच्या अरिष्टानंतर गुंतवणूक जी बसली ती चौथ्या हिश्शाच्या आसपास घुटमळत राहिली. 2006 आणि 2014 मध्ये लष्कर आलं. अलीकडे न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्रेथा थाविसिन यांना आणि साधारण वर्षभराने पेतोंगतार्न शिनावात्रा यांना पंतप्रधानपदावरून दूर केलं. ज्या देशात पुढच्या पावसाळ्यात सरकार कोणाचं असेल हे सांगता येत नाही, तिथे वीस वर्षांचा कारखाना कोण काढतो? लोकसंख्याही म्हातारी होते आहे. 2024 मध्ये वर्षभरात जन्मलेल्या मुलांची संख्या पाच लाखांच्या खाली गेली.

आणि इथे बाटची गोष्ट उलगडते. गुंतवणूक नसली की यंत्रं मागवली जात नाहीत. कर्जात बुडालेलं कुटुंब परदेशी माल घेत नाही. आयात मंदावते, निर्यात आणि पर्यटनातून डॉलर मात्र येत राहतात. ते डॉलर उरतात, ते विकून बाट घेतला जातो, बाट चढतो. 2019 मध्ये थायलंडच्या चालू खात्यावरची शिल्लक जीडीपीच्या सात टक्क्यांच्या आसपास होती. विकासदर त्याच वर्षी दोन-सव्वादोन टक्के. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, काय तगडं चलन आहे! ती कमाई वापरायची कुठे हे न सुचलेल्या देशाची शिल्लक होती. बाट महागल्यामुळे थायलंड मंदावलं, हे वाक्य म्हणूनच उलटं करून वाचलं पाहिजे. देश आतून मंदावला, आणि त्याच्या खुणांपैकी एक खूण म्हणजे महाग बाट.

2025 मध्ये यात दोन गोष्टींची भर पडली. जगभरच डॉलर घसरला, तेव्हा बाटसकट बहुतेक चलनं त्याच्यासमोर उंच दिसू लागली. रुपया हा त्यातला ठळक अपवाद. दुसरी गोष्ट सोन्याची. थाई माणसाचं सोन्याचं वेड आपल्याहून कमी नाही. बँकॉकच्या याओवारात भागात, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीत, लाल पाट्यांची सराफी दुकानं रांगेने उभी आहेत, आणि भाव वाढला की माणसं तिथे सोनं विकायला येतात. 2025 मध्ये सोन्याने औंसाला 4,000 डॉलरचा टप्पा ओलांडला. दुकानांनी लोकांकडून घेतलेलं सोनं परदेशात विकलं, डॉलर घेतले, त्यांचे बाट केले. बाट आणि सोनं इतके जोडीने हलू लागले की शेवटी केंद्रीय बँक सराफांना व्यवहार डॉलरमध्ये करा म्हणून सांगायला लागली. पर्यटनाच्या मंदीवर उपाय म्हणून बाट खाली आणा असं म्हणणारे लोक प्रत्यक्षात सोन्याच्या आंतरराष्ट्रीय भावाशी भांडत आहेत, याची त्यांना कल्पना तरी आहे का, कोण जाणे.

बरं, खाली आणायचा तर कसा? व्याजदर कमी करून? 2019 मध्ये बँक ऑफ थायलंडने दोनदा व्याज कापलं, परकीयांच्या अल्पकालीन ठेवींवर मर्यादा कडक केल्या, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवसांत बाट 30 च्या खाली जाऊन आला. 2025 मध्ये चारदा कापलं, सव्वादोन टक्क्यांवरून सव्वा टक्क्यावर आणलं. बाट चढतच होता. डॉलर विकत घेऊन? तेही केलं, थायलंडची गंगाजळी 200 अब्ज डॉलरच्या कितीतरी वर आहे. पण फार घेतले की अमेरिकेचं अर्थखातं वही उघडतं. डिसेंबर 2020 मध्ये त्यांनी चलनावर नजर ठेवण्याच्या यादीत तीन नवी नावं घातली, त्यांत थायलंड होतं आणि आपणही होतो.

तरीही हा युक्तिवाद मरत नाही, कारण तो सोयीचा आहे. घरगुती कर्ज कमी करायचं तर बँकांना आणि सावकारांना दुखवावं लागतं. सीमेवरचे अड्डे मोडायचे तर ज्यांच्या आशीर्वादाने ते चालले त्यांची नावं घ्यावी लागतात. चलनाला मात्र भाऊबंद नसतात, आणि त्याची जबाबदारी केंद्रीय बँकेवर ढकलता येते. स्रेथा पंतप्रधान असताना व्याज कमी करा म्हणून जाहीर आग्रह धरत राहिले. पेतोंगतार्न यांनी तर मे 2024 मध्ये, पंतप्रधान होण्याच्या काही महिने आधी, केंद्रीय बँकेची स्वायत्तता हाच आर्थिक प्रश्न सोडवण्यातला अडथळा असल्याचं सांगून टाकलं. पुढे दर कापले गेले, ऑक्टोबर 2025 मध्ये गव्हर्नरही नवे आले. ज्या कारणांनी पर्यटक आणि गुंतवणूकदार बिचकत होते, ती कारणं जागची हलली नाहीत.

महाग बाटचा त्रास कुणालाच होत नाही, असं मी म्हणत नाही. लंडनहून तीन आठवड्यांसाठी येणारं जोडपं दोन आठवड्यांत परततं, समुद्राकाठच्या खोलीऐवजी मागची खोली घेतं. पातळ नफ्यावर चालणाऱ्या निर्यातदाराला आठ टक्के म्हणजे अख्खा नफा. तांदळाच्या व्यापाऱ्यांची ओरड यातलीच. पण त्यांचीही पूर्ण गोष्ट ऐकावी. भारताने जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा थाई तांदळाला दिवाळी आली. सप्टेंबर 2024 मध्ये भारताने बंदी उठवली आणि जगाच्या बाजारात भाव कोसळले. 2025 मधली थाई तांदळाची घसरण समजून घ्यायला बाटच्या आलेखापेक्षा दिल्लीच्या अधिसूचना जास्त उपयोगी पडतात. ईशान्य थायलंडमधल्या ईसानचा शेतकरी डॉलरचा भाव बघत बसला असेल तर चुकीच्या पाटीकडे बघतोय.

स्वस्त बाटचा प्रयोग त्या देशाने एकदा पुरेपूर करून पाहिला आहे, मर्जीने नव्हे. 2 जुलै 1997 ला डॉलरला 25 च्या आसपास बांधून ठेवलेला बाट मोकळा सोडावा लागला आणि पुढच्या जानेवारीत तो 56 पर्यंत गेला. परदेशी पाहुण्याला थायलंड जवळपास अर्ध्या किमतीत मिळू लागलं. जोडीला ‘अमेझिंग थायलंड’ ही जगभर गाजलेली मोहीम होती. इतकी सवलत आणि इतकी जाहिरात मिळून 1998 मध्ये परदेशी पर्यटक वाढले सात-साडेसात टक्क्यांनी, 72 लाखांवरून 78 लाखांच्या आत. पर्यटनाची कमाई 220 अब्ज बाटवरून 242 अब्ज बाटवर गेली, म्हणून तेव्हा अभिनंदनंही झाली. वर्षाच्या सरासरी दराने त्याचे डॉलर करून बघा: सात अब्जांच्या आसपासचे सहा अब्जांच्याही आत आले. पाच लाखांहून अधिक जास्तीचे पाहुणे झेलले, त्यांच्या खोल्या झाडल्या, चादरी धुतल्या, आणि देशाच्या हाती आदल्या वर्षापेक्षा कमी डॉलर पडले. तेल मात्र डॉलरनेच घ्यायचं होतं. आज फुकेतमध्ये दिवसाची किमान मजुरी 400 बाट आहे. बाट पुन्हा 36 वर नेला तर परदेशी पाहुण्याच्या दृष्टीने ती पावणेतेरा डॉलरवरून अकरा डॉलरवर येईल, आणि बोटीतलं डिझेल त्याच दिवशी महागेल. ‘बाट स्वस्त करा’ म्हणणाऱ्यांच्या निवेदनांत या मजुराचा उल्लेख कुठेच नसतो.